मालक जेवायला बसल्यात

पुनावळ्यापासून चाकणपर्यंत कुठल्याही कारखानदाराला फोन लावा, तो शेवटी माझ्या मामीनंच उचललेला असणार, असं माझं ठाम मत आहे. खरं तर तिच्याकडे तीनच धंद्यांचे फोन आहेत. पण ती बोलते अशा थाटात, की सगळी एमआयडीसी तिच्या स्वयंपाकघरातून चालते असं पलीकडच्याला वाटावं. मामा कंपन्यांतली फोर्कलिफ्ट दुरुस्त करायचे. ते गेले, मुलगा आधीच बंगळूरला, आणि जिथं तिनं ज्वारी खुरपली त्याच जागेवरच्या इमारतीत मामी नवव्या मजल्यावर एकटी उरली. "आता भिंतीशी बोलत बसू का?" असं तिनं मला विचारलं होतं. उत्तरही तिनंच शोधलं. मामांच्या दोस्तांची एक कायमची रड होती: मशीनच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, आणि न उचललेला फोन म्हणजे दुसऱ्याकडे गेलेलं काम. मामीनं तिघांना घरी बोलावून सांगितलं की धंद्याचे फोन माझ्याकडे ठेवा, मी उचलते आणि निरोप कळवते. तिघांना नाही म्हणायचं धाडस झालं नाही.

क्रेनवाल्याचा फोन फ्रिजवर असतो. पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या प्रेसवाल्याचा पिठाच्या डब्यावर. पाण्याचे पंप दुरुस्त करणारे पंपवाले माळकरी, म्हणून त्यांचा फोन देव्हाऱ्यापाशी, ऑम्लेटच्या वासापासून लांब. फोन वाजला की ती आधी पदर नीट करते, मग "बोला" म्हणते, आणि काम विचारण्याआधी गाव आणि आडनाव विचारते. एकदा देहूरोडचा एक गृहस्थ चारीत गेलेली गाडी काढायला क्रेन मागत होता. मामीनं आधी त्याच्या आत्याचं सासर आपल्या माहेरच्या शेजारचं निघतंय का ते पाहिलं, ते निघालं, आणि मग क्रेन पाठवली. गाडी वर आली. दिवाळीला तो माणूस फराळ घेऊन हजर, सोबत आत्या.

पण तिची खरी खोड वेगळी. मालकांना द्या असं कुणी म्हटलं की तिचं एकच उत्तर, मालक जेवायला बसल्यात. सकाळी दहाला फोन करा, दुपारी चारला करा, मालक ताटावर. एका माणसानं क्रेनवाल्याला आणि पंपवाल्याला पाठोपाठ फोन केला, तर दोघेही जेवत होते, आणि वाढणारी बाई एकच. त्यानं भीत भीत विचारलं, तुमच्याकडं लग्न आहे का?

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण चाकणच्या एका कंपनीच्या परचेसवाल्या साहेबांनी प्रेसवाल्याला घाईचं काम देण्यासाठी निरोप न ठेवता सकाळपासून फोन केले, दर वेळी तो जेवत होता, आणि संध्याकाळी ते काम दुसऱ्याला गेलं. दुसऱ्या दिवशी प्रेसवाला फोन परत न्यायला आला. गुरुवार होता, मला सुट्टी, मीही तिथंच होतो. तो गेला की बाकीचे दोघे जाणार, आणि मामीला पुन्हा भिंती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. प्रेसवाला लातूरकडचा मनुष्य, आवाज चढवणारा नव्हे. "वैनी, तुमी मला जेवू घालून घालून मारायलाव की," एवढंच म्हणाला. मशीनवर आहेत म्हणून सांगायला काय होतं?

मामीनं पिठाच्या डब्यावरचा फोन काढून त्याच्यापुढे ठेवला.

"मशीनवर हायेत म्हनलं की लोक म्हनत्यात, हाक मारा. जेवतोय म्हनलं की कुनी उठवाया सांगत न्हाई. तुमचे दोस्त एका फोनपायी भरल्या ताटावरनं उठून चाकणला गेले. मी ताट झाकून ठिवलं हुतं भाऊजी."

पुढचं सांगायची गरज नव्हती. अपघातानंतर हायवेवरून मामांना घरी आणणाऱ्यांत तोही होता. मग इकडंतिकडं बघत त्यानं विचारलं, "वैनी, आन् तुमी कवा जेवता?" तीन फोन सांभाळणारी बाई उभ्या उभ्या चार घास खाते हे माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. फोन त्यानं नेला नाही. तिघा दोस्तांनी आपसात ठरवलं, की रोज दुपारी एक ते दोन सगळे फोन आपल्या मोबाइलवर वळवून घ्यायचे आणि वहिनींना निवांत जेवू द्यायचं. एवढी माया करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत, आणि ते तिघेही त्या गोष्टीवर मनापासून खूश आहेत.

मामी त्या तासात ताट वाढून घेते आणि बसते. परवा मला म्हणाली, "समदं गपगार हुतं रं. घास उतरत न्हाई." हे मी तिघांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. गुरुवारी एकच्या आधी मी तिच्याकडे पोचतो, भूक असो नसो, आणि दोन वाजेपर्यंत अखंड बडबडत जेवतो. बाकीच्या दिवशी काय करावं, ते मला अजून सुचलेलं नाही.