द्राक्षरस करणारी मावशी

अन्याय झाला तो आमच्या मंडळीत द्राक्षरस करणाऱ्या मावशीवर. जुलैच्या पहिल्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, अकराला दहा मिनिटं कमी असताना. वेळ नक्की सांगता येते, कारण मी ती तिथल्या तिथे मोबाइलमध्ये लिहून ठेवली. विडी कामगारांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहून मला ही सवय लागली आहे. पहिल्या ओळीत कुणावर काय झालं आणि केव्हा, शेवटच्या ओळीत मागणी. मधे पाल्हाळ नको. आज मात्र मधलंच जास्त सांगायचं आहे.

ज्यांना आमच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, रीत माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पावाचे बारीक तुकडे आणि द्राक्षरस. पूर्वी एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागायचा. कोविडनंतर बोटाएवढे काचेचे पेले आले, आणि मंडळीचे पंच ते ट्रेमध्ये लावून बाकाबाकावर फिरवतात. रस विकतचा नसतो. शनिवारी काळे मनुके भिजत घालायचे, उकळायचे, कुस्करायचे, पांढऱ्या फडक्यातून दोनदा गाळायचे. वीस वर्षं हे काम एकट्या मावशीचं. प्रभुभोजनाच्या टेबलावरचं कापडही तीच धुते, नीळ घालून. मावशी वैरागकडची. लग्न होऊन सोलापुरात आली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. शुक्रवार पेठेत एका खोलीत राहते आणि विड्या वळते. माझं तिचं रक्ताचं नातं काही नाही. अख्खी मंडळीच तिला मावशी म्हणते.

मे महिन्यात तिला टीबी निघाला. हे आम्हाला तिनंच सांगितलं. दर बुधवारी कुणाच्या तरी घरी आमची प्रार्थना असते आणि शेवटी प्रत्येकानं आपली विनंती मांडायची असते. कुणी मुलाच्या नोकरीचं सांगतं, कुणी गुडघ्यांचं. मावशीनं पदर सावरला आणि सरळ म्हणाली, "मला टीबी निगालाय. सा म्हयने गोळ्या हायती. प्रार्थना करा." सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. आमेन झालं, चहा आला, आणि तिच्या दोन्ही बाजूच्या बायका थोड्या सरकून बसल्या.

जूनमध्ये रस बाटलीतून आला. "तुम्ही आता आराम करा हो," एवढंच पंच तिला म्हणाले. तिला ती माया वाटली. त्या रविवारी ती आलीच नव्हती, अंगात ताप होता.

जुलैत आली. तोवर दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी थुंकी तपासून सांगितलं होतं की गोळ्या लागू पडल्यात, आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. त्या भरवशावर ती तिसऱ्या बाकावर, माझ्या आईशेजारी, नेहमीच्या जागी बसली. मी गाणाऱ्यांच्या बाकावर होते, तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. ट्रे आला. पंचांनी तो मावशीसमोरून वर उचलला आणि पलीकडे आईपुढे धरला. मावशीचा हात अर्धा उठला होता. तो तिनं तसाच वर नेला आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जणू त्यासाठीच उचलला होता.

उपासना संपल्यावर मी पंचांना दारातच गाठलं. हे पंच म्हणजे निवृत्त मास्तर, माझ्या बाप्तिस्म्याला गल्लीत पेढे वाटलेले काका.

"काका, मावशीला का वगळलंत?"

"वगळलं नाही गं. काळजी घेतली. लेकरंबाळं असतात, म्हातारी माणसं असतात."

"पेला ज्याचा त्याचा आहे की."

"ट्रेला हात लागतो ना."

"ट्रेला सगळ्यात जास्त हात तुमचा लागतो, काका. तुम्ही तपासून आलात?"

"बघ, संघटनेत जाऊन जीभ लई लांब झाली तुझी. अगं, तिला आम्ही घरी नेऊन देऊ. आजाऱ्यांना देतोच की घरी."

मी घरी आले, जेवले नाही, आणि पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरात: 'वीस वर्षं रस गाळणाऱ्या हातांना पेला नाही!' खाली सगळं. आजार, दवाखाना, डॉक्टरबाईंचं म्हणणं, टीबी कसा पसरतो आणि कसा पसरत नाही. नाव घातलं नाही. नाव घातलं नाही म्हणजे आपण जपून लिहिलं, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी देवळाच्या फाटकात उभं राहून दोनशे प्रती वाटल्या. आईनं विचारलं होतं, "मावशीला दाखवलंस का?" मी म्हणाले, "तिच्याच बाजूनं आहे ना, दाखवायचं काय त्यात?"

सोलापुरात द्राक्षरस गाळणाऱ्या बायका किती असतील? दुपारपर्यंत एक प्रत चहाच्या गाड्यावर होती, दुसऱ्या प्रतीचा फोटो मोबाइलवरून फिरत होता आणि तिसरी प्रत, मावशी वळलेल्या विड्या नेऊन घालते त्या कारखान्याच्या ब्रँचमध्ये पोहोचली होती. मंडळीतल्या चाळीस माणसांना माहीत असलेली गोष्ट मी अख्ख्या पेठेला सांगितली. ब्रँचमधला विड्या तपासणारा चेकर तिच्या विड्यांच्या जुड्या दोन बोटांनी उचलायला लागला. नळावर तिच्या घागरीभोवती जागा सुटायला लागली.

मंगळवारी मी तिच्या दारात गेले. कडी आतून होती. शेजारच्या खाला उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "क्या गे छोकरी, कागज पे छाप के सबको बांट दी ना?"

"खाला, मी तिच्या भल्यासाठीच..."

"भला करनाच था तो पहले आके पूछती ना."

आतून खोकल्याचा आवाज आला. कडी निघाली नाही.

आठ-दहा दिवसांनी आई संध्याकाळी मावशीकडून घरी आली ती सरळ मोरीवर गेली. माझी आई भांडत नाही. चर्चच्या सभेत बोलत नाही, मोर्चाला येत नाही, मी घोषणा देत टीव्हीवर दिसले तर आवाज बारीक करते. तिच्या श्रद्धेबद्दल मी मनात बरंच काही म्हणत आले होते, तोंडावर थोडं कमी. हात धुऊन तिनं सांगितलं, "गोळ्यांचं पाकीट तसंच आहे. अकरा दिवस घेतल्या नाहीत तिनं. दवाखान्यात गेली नाही. बाहेरच्या बाकड्यावर बसलं की येणारा-जाणारा बघतो म्हणते."

टीबीच्या गोळ्या मधे सोडल्या तर काय होतं हे मीच पत्रकात लिहिलं होतं. आजार परत उसळतो, गोळ्यांना जुमानत नाही, आणि मग माणूस हातचं जातं. मी लगेच फोन उचलला. "मी डॉक्टरबाईंशी बोलते. नाहीतर पाळकसाहेबांना सांगून उपासनेत जाहीर..."

"फोन ठेव," आई म्हणाली. इतक्या कडक आवाजात तिला मी कधी ऐकलं नव्हतं. "कुणाला काही सांगायचं नाही. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. आणि तिथं तोंड फक्त जेवायला उघड."

तरी मी रिकाम्या हातानं गेले नाही. माफीचं पत्रक लिहून नेलं. खरंच नेलं, टाईप करून. आई पुढे होती म्हणून दार उघडलं. खोलीत तंबाखूचा वास, कोपऱ्यात सूप आणि कातर, भिंतीला टेकून मावशी. महिनाभरापूर्वीपेक्षा निम्मी दिसत होती. मी कागद पुढे केला. तिला वाचता थोडं येतं. पहिल्या दोन ओळी तिनं बोट ठेवून वाचल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"आता माफीचं बी छापलंस व्हय? ह्ये कुटं वाटणार हायस? नळावर?"

आणि हसली. हसता हसता खोकला लागला, आई पाठ चोळायला लागली, आणि मी तो कागद घेऊन उभी. शेवटी मावशीच म्हणाली, "बस की गं पोरी. डोक्यावर हुबी राहू नगंस, चेकरवानी दिसतीस."

आईनं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, मुगाची उसळ, उकडलेली अंडी. तीन ताटं मावशीच्याच फळीवरून काढली. धुतली नाहीत, पुसली नाहीत, सरळ वाढलं. डोळे मिटून चार शब्दांची प्रार्थना केली आणि जेवायला लागली. आम्ही तिघी जेवलो. गोळ्यांचा विषयच निघाला नाही. आईनं वैरागच्या बाजाराचं काहीतरी विचारलं, मावशीनं तिथल्या एका बैलाचा किस्सा सांगितला, जो छापण्यासारखा नाही असं म्हणून दोघी पुन्हा हसल्या.

मग मावशी आपणहून म्हणाली, "त्या गोळ्या लई वंगाळ. नर्सबाई म्हन्त्यात, मळमळतंय तर थोडं खाऊन घ्या. खाऊ काय? एकटीला घास जात न्हाय. आदी तरी गल्लीतलं कुणी ना कुणी येऊन बसायचं."

माझ्याकडे बघून बोलली नाही. बोलायची गरज नव्हती.

आई भांडी घासायला बाहेर गेली तेव्हा मी म्हणाले, "मावशी, पंचांनी जे केलं त्याचा मला राग आला होता."

"व्हय गं. कळलं मला. राग आला तुला." तिनं सुपारीएवढी चटणी बोटानं पुसून तोंडात घातली. "तुझ्या आईनं त्या दिवशी घेतला न्हाय पेला. ठावं हाय तुला? ट्रे पुडं आला तर हात मांडीवर ठिवून बसली. मला म्हन्ली, पुढच्या येळी दोगी मिळून घेऊ."

मला ठाऊक नव्हतं. मी समोरच होते, सगळ्यांची तोंडं दिसतात अशा बाकावर. मावशीचा हात पाहिला, पंचांचा पाहिला, घड्याळ पाहिलं. आईचा हात पाहिला नाही. आणि दोन मिनिटांनी गाणाऱ्यांच्या बाकावर ट्रे आला तेव्हा मी माझा पेला उचलला आणि प्यायले. सवयीनं. मग पत्रक लिहायला घरी गेले. हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकली.

त्याच दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकड्यावर आई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मधे मावशी. ओळखीची दोन माणसं गेली, त्यांनी बघितलं. आईनं त्यांना हाक मारून "बरंय का?" विचारलं. नर्सबाई चिडल्या, अकरा दिवस म्हणजे काय खेळ वाटला का म्हणाल्या, मग नवीन पाकीट दिलं. सुटलेले दिवस पुढे वाढवले. आता गोळ्या डिसेंबरपर्यंत.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला कुणीतरी मावशीकडे जेवायला जातं. आईनं हे उपासनेत जाहीर केलं नाही. तीन-चार घरी जाऊन पाटावर बसून विचारलं. सोमवार आणि बुधवार आईचे, मंगळवार माझा, शनिवार खालांचा, रविवारी देवळात जाण्याआधी मंडळीतल्या दोघी बहिणी जातात. शुक्रवार पंचांच्या बायकोनं मागून घेतला. काका तिला स्कूटरवर सोडायचे आणि बाहेर इंजिन चालू ठेवून थांबायचे. तिसऱ्या शुक्रवारी मावशीनंच दारातून आवाज दिला, "मास्तर, पेट्रोल महाग हाय की! या आत." आले. पाटाच्या कडेला बसले. बराच वेळ भाकरीकडे बघून एक घास मोडला. चटणी तिखट आहे म्हणाले.

मावशी म्हणाली, "बाटलीतली न्हाय ती."

काकांनी मान खाली घातली आणि उरलेली भाकरी संपवली. घरी प्रभुभोजन आणून देण्याचा विषय त्यांनी त्या दिवशी पुन्हा काढला, तेव्हा मावशीनं ऐकून घेतलं नाही. "मी हातरुणावर न्हाय. चालत येईन, टेबलाकडंच घेईन. गोळ्या संपू द्या, अंगात जरा बळ येऊ द्या." तोवर आई आणि मी पेला उचलत नाही. काका परवाच्या रविवारी ट्रे घेऊन फिरले आणि त्यांनीही स्वतःचा तसाच परत ठेवला. त्याचं पत्रक मी काढलेलं नाही.

हा लेख मी छापायला देण्याआधी मावशीला दोनदा वाचून दाखवला. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. बैलाचा किस्सा खुशाल घाल म्हणाली, पण तो मलाच लिहवेना. मी विचारलं, आजाराचं नाव लिहू का? "लिही की. लपवायचं काय ठिवलंस तू?" म्हणाली. आणि वर, "त्ये गुरुवारचं मात्र नक्की लिही."

गुरुवारी येणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली आहे. गेले दोन गुरुवार मावशी एकटीच बसली, दोन घास खाल्ले, गोळ्या उलटून पडल्या. म्हणून मागणी अशी. तुम्ही सोलापुरात असाल, आणि येशूचं नाव घेत असाल किंवा नसाल, येत्या गुरुवारी सकाळी साडेसातला शुक्रवार पेठेत या. पेठेत कुणालाही विचारा, घर सगळ्यांना माहीत आहे, ती माझीच करणी. फळं आणू नका, पैशाचं पाकीट देऊ नका, तिला खोकला आला तर दाराकडे सरकू नका. तिच्या फळीवरचं ताट घ्या, तिच्याशेजारी बसा आणि पोटभर जेवा.