टाके भिजू नयेत म्हणून

आज नरक चतुर्दशीला पहाटे तेल कोमट केलं आणि त्या वासासरशी आमची छोटी मिनी डोळ्यांपुढे आली. काचीगुड्याच्या घरी जिन्यावरून पडून तिच्या कपाळाला टाके पडले होते. जवळच्या कोठी भागातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाणी लागू द्यायचं नाही, अम्मा." आणि दुसऱ्याच दिवशी दिवाळी! पोरगी हटून बसली, "मलापण उटणं लाव!" शेजारच्या मावशी, त्यांना आम्ही खाला म्हणायचो, भिंतीपलीकडून म्हणाल्या, "बच्ची का दिल नक्को तोडो, बाई."

मग काय, डोकं सोडून अंगभर तेल-उटणं लावलं. डावा तळवा तिच्या पट्टीवर छपरासारखा धरला आणि उजव्या हातानं खांद्याखाली तांब्यानं पाणी घातलं. ती सारखी विचारायची, "आई, भिजलं का गं?"

"नाही गं राणी, मी आहे ना."

हात भरून आला होता, पण पट्टी कोरडी राहिली. तेव्हा वाटलं, कधी एकदाची अंघोळ संपते!

आता मिनी बंगळुरात असते. मघाशी फोनवर म्हणाली, "शॉवर घेतला गं, झाली माझी दिवाळी." बरं म्हटलं, फोन ठेवला. बघते तर फोन येण्याआधी डाव्या तळव्यावर ओतून घेतलेलं तेल तसंच होतं.