आधी झाडाला विचारा

आमच्या किन्नौरात चिलगोजा, म्हणजे खायच्या बियांचा पाइन, कुणी लावत नाही. तो रानात आपला आपण येतो, आपण फक्त चढायचं. पलदेन नेगीने मात्र घरामागच्या उतारावर एक रोप लावलं. त्याची सुरमणी तेव्हा पाळण्यात होती. तो देवळाच्या अंगणात, देवतेसमोर बोलून गेला की जावयाला माळ घालीन ती याच झाडाच्या चिलगोज्यांची.

झऱ्यावरून पाणी पाठीवर आणायचं. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून काट्यांचं कुंपण, दरवर्षी नवं. सुरमणी शाळेत जायला लागली तरी झाड तिच्या गुडघ्यालाच. आम्हा शेजाऱ्यांची सफरचंदं तोवर दिल्लीला पोचली होती.

मग सुरमणी लग्नाची झाली. झाड झालं नव्हतं. ट्रक चालवणाऱ्या रिगझिनने मागणी घातली. तो पोरीला पसंत, तिच्या आईलाही पसंत. पलदेन म्हणाला, झाडाला विचारून सांगतो.

झाडाने बरंच ताणलं. एकदाची बोंडं दिसली तसा रिगझिन मिठाई घेऊन आला. ती पिकायला आणखी एक वर्ष लागतं, हे पलदेनने त्याला शांतपणे समजावलं. मिठाई आम्ही खाल्ली.

पिकल्यावर पलदेनच्या गुडघ्यांमुळे मी चढलो. आकडीने बोंड पिळून काढायचं, फांदी मोडायची नाही. पुढच्या वर्षीची बोंडं तिच्यावरच असतात. बरीचशी पाखरांनी आधीच फोडली होती. उरलेली झाकून ठेवली, ती उकलल्यावर झोडपली. दाणे पाण्यात टाकले. पोकळ तरंगले, ते पलदेनने फेकले.

उरले ते बघून मी म्हटलं, माझ्या घरचे मूठभर मिसळ, कुणाला कळतंय?

"देवतेला," पलदेन म्हणाला. मग दाणे चाळवत पुटपुटला, "पुढल्या वर्षी जास्त येतील."

सुरमणी चुलीपाशी होती. "बाबा, आणखी एक वर्ष म्हणालात तर मी झाडाशीच लग्न लावीन. सासर घरामागे. रोज येईन भांडायला."

पलदेनने माळ ओवायला सुई मागितली.

लग्नात माळ रिगझिनच्या डोक्यावरून उतरेना. टोपीवरच अडकली. सगळे पलदेनकडे बघत राहिले. त्याने माळ नीट बसवली आणि म्हणाला, "घातली."

नाचताना रिगझिनची मान काठीसारखी ताठ. मी म्हटलं, आता काढून ठेव, जावई.

"नको काका," तो ओठ न हलवता म्हणाला. "तुटली तर म्हातारा पुढल्या वर्षी या म्हणेल."