‘झंपर ढिला झालाय का?’ असं विचारणाऱ्या डॉक्टर

डॉ. वत्सलाताई पेडगावकर यांची आणि माझी पहिली ओळख फोनवर झाली, आणि ती त्यांनी मला झापण्यासाठी करून घेतली. गौरवग्रंथातला लेख असा सुरू करू नये, असं संपादक मंडळातल्या एका सज्जनांनी मला सुचवलं. पण डॉक्टरांच्या पंचाहत्तरीनिमित्त खोटं लिहिलं तर त्या दुसऱ्यांदा झापतील. त्यापेक्षा संपादकांचा राग परवडला.

मी पूर्णेच्या एका शाळेत मराठी शिकवतो आणि एका दैनिकात दर आठवड्याला विनोदी सदर लिहितो. चार वर्षांपूर्वी एकदा काही सुचेना, म्हणून घरातलाच विषय उचलला. माझे थोरले भाऊ आणि सुलोचनावहिनी सोनपेठजवळच्या गावात शेती करतात. त्या वर्षी वहिनींच्या उपासांना भरती आली होती. सोमवार होताच, मग गुरुवार आला, मागून शनिवार आला. चतुर्थी-एकादशी तर घरच्याच. उपास सोडायला बसल्या तरी दोन घासांत “पोट भरलं” म्हणून ताट सरकवायच्या. चारठाण्याची जुनी देवळं बघायला आम्ही सगळे जीपनं निघालो, तर वाटेत त्यांनी तीनदा गाडी थांबवायला लावली. मी लिहिलं की, आमच्या वहिनींच्या पोटात आता फक्त देव मावतो, आणि तोही दर दहा मैलांवर खाली उतरून पाय मोकळे करतो. वाचक खूश झाले. वहिनीही हसल्या.

लेख छापून आला त्याच दिवशी दुपारी फोन आला. आवाज तहसीलदाराचा, भाषा शाळेतल्या बाईंची.

“मी डॉक्टर पेडगावकर, सोनपेठहून. तुमच्या लेखातली वहिनी खरी आहे का बनवलेली?”

“खरी आहे. माझीच.”

“वय?”

“पन्नाशी ओलांडली असेल.”

“दोन घासांत पोट भरतं, हे गमतीनं लिहिलंय का खरं?”

“खरंच आहे.”

“आणि गाडी तीनदा थांबवली ते?”

“तेही.”

मग त्या म्हणाल्या, “तपशील बरोबर लिहिता हो तुम्ही. अर्थ तेवढा चुकीचा लावता. बाजाराच्या दिवशी त्यांना घेऊन या. उपास असला तरी या.”

माझ्या लिखाणाची इतकी नेमकी समीक्षा आधी कुणी केली नव्हती, नंतरही केलेली नाही.

बाजाराचाच दिवस का, हे डॉक्टरांना ओळखणाऱ्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. आमच्याकडची चाळिशीपुढची बाई “मला बरं नाही, दवाखान्यात जाते” असं म्हणत नाही. ती “बाजाराला जाते” म्हणते. हे ओळखून डॉक्टरांनी गेली कित्येक वर्षं बाजाराचा दिवस या बायकांना देऊन टाकला आहे. त्या दिवशी दवाखान्यात पिशवीत मेथीची जुडी घेतलेल्या बायका रांगेत बसलेल्या असतात, आणि डॉक्टर त्यांना घाई करत नाहीत.

थोरले भाऊ म्हणजे आमचे दादा, वहिनी आणि मी, असे तिघं गेलो. वहिनी खुर्चीवर बसतात न बसतात तोच दादांनी बोलायला सुरुवात केली. “तिला काय बी झालं न्हाई डाक्टरबाई. निस्ता गॅस हाय. ओवा खायलीय. वयच झालं की आता.”

“गॅस तुम्हाला होतो का?” डॉक्टरांनी विचारलं.

“मला न्हाई, हिला.”

“मग तुम्ही बाहेर बसा. लेखक महाशय, तुम्हीसुद्धा.”

आम्ही बाहेर बसलो. पुढचं वहिनींनीच नंतर सांगितलं, आणि आता तर त्या सगळ्या गावाला सांगतात, म्हणून इथं लिहायला हरकत नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पोटाबद्दल विचारलाच नाही. विचारलं, “सुलोचनाबाई, झंपर ढिला झालाय का?”

“व्हय. खांद्यावरून उतरायलाय.”

“आणि परकर?”

“त्यो मातर घट्ट व्हायलाय. नाडी पुरंना. धुवून आटला आसंल म्हनलं.”

दंड वाळत चाललेले आणि पोट वाढत चाललेलं. हे वजनकाट्यावर दिसत नाही, कारण इकडचं गेलेलं तिकडं भरून निघतं. शिवणाऱ्या बाईला दिसतं, नेसणाऱ्या बाईला दिसतं. पण त्यांना कुणी विचारत नाही. डॉक्टर विचारतात. मग हळूहळू बाकीचं निघालं. ओटीपोटात जडपणा, सारखं लघवीला जावं लागणं, सात-आठ महिने.

“मग इतके उपास कशाला हो धरले?”

वहिनी म्हणाल्या, “जेवन जात न्हाई म्हनलं की घरचे म्हनतेत, नखरे करायलीय. उपास हाय म्हनलं की पाया पडतेत.”

हे वाक्य मी माझ्या सगळ्या लेखांच्या बदल्यात विकत घेतलं असतं. आमच्या भागात बाईनं अन्न सोडलं की घराला पुण्य दिसतं. आजार दिसायला डॉक्टर पेडगावकर लागतात. मला तर दोन्ही दिसलं नव्हतं. मला विनोद दिसला होता.

परभणीला सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. डाव्या अंडाशयात गाठ होती, आणि ती साधी नव्हती. नांदेडला ऑपरेशन झालं, मग औषधांचे डोस झाले. त्या काळात डॉक्टर रोज संध्याकाळी फोन करायच्या आणि काय खाल्लं ते ऐकून घ्यायच्या. केस गेले तसं वहिनींनी घराबाहेर पडणं बंद केलं. संक्रांतीला डॉक्टर स्वतः सोनपेठहून गावात आल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या वहिनींना हाताला धरून ओसरीवर आणून बसवलं, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला हळदी-कुंकू त्यांच्याच हातून देवविलं. पहिल्या दोघी बिचकल्या. तिसरी म्हणाली, “आत्या, टोपरं बांधल्यालं लेकरू दिसायलाव की!” वहिनी खदखदून हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी शेतावर गेल्या. पुढं केस आले ते कुरळे आले. दादा आता म्हणतात, नवी बायको मिळाली. वहिनी म्हणतात, नवरा मातर जुनाच ऱ्हायला.

या एका घटनेवरून डॉक्टर प्रत्येकीच्या पोटात गाठ शोधत बसतात, असं कुणी समजू नये. त्या स्वतःच सांगतात, बहुतेकींच्या पोटात भलतं काही निघत नाही. पण न बघता ‘काही नाही’ म्हणायचा हक्क कुणाला नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. कारण सापडलं नाही तर त्या कागदावर ‘गॅस’ लिहीत नाहीत, ‘मनाचं आहे’ असंही लिहीत नाहीत. ‘कारण अजून कळले नाही, पंधरा दिवसांनी यावे’ असं लिहितात. पन्नास वर्षं डॉक्टरकी करून ‘कळले नाही’ हे शब्द स्वतःच्या अक्षरात लिहायला किती मोठेपणा लागतो, हे आम्हा मास्तर लोकांना चांगलं समजतं. आमच्याकडून ते कधी झालं नाही.

आमच्याच शाळेतल्या एका शिक्षिकांचं उदाहरण सांगतो. पोट फुगतं, कळा येतात, लघवीला जळजळ. सगळ्या तपासण्या नीट. डॉक्टरांनी चार वेळा ‘कळले नाही’ लिहिलं आणि पाचव्या वेळी विचारलं, “बाई, शाळेत दिवसभरात पाणी किती पिता?” त्या म्हणाल्या, “पीतच नाही. बायकांच्या मोरीची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर असते. पुरुषांसमोर उचलायला लाज वाटते.” डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं: ‘मोरीची किल्ली. दिवसभर जवळ बाळगावी.’ खाली सही, शिक्का. ती चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या हातात पडली तेव्हा मी तिथंच होतो. त्या खोलीत आम्ही आठ पुरुष वर्षानुवर्षं चहा पीत होतो, आणि ती किल्ली आमच्या डोळ्यांसमोर पडलेली होती. बाईंचं पोट महिन्याभरात निवळलं. आमच्या माना अजून वर झालेल्या नाहीत.

आता एक गाऱ्हाणं. डॉक्टर स्वतःच्या बाबतीत अगदी आमच्या दादांसारख्या आहेत. गेल्या हिवाळ्यात वहिनी नेहमीच्या तपासणीला गेल्या, तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठताना कुशीला हात लावून उठल्या.

“किती दिस झाले?” वहिनींनी विचारलं.

“काही नाही ग. वय झालं आता.”

“आमी आसं म्हनलं आस्तं तर तुमी आमाला बोलून बोलून बेजार केलं आस्तं. चला, उठा.”

आणि सुलोचनावहिनी, ज्यांनी कधीकाळी तोंड उघडावं म्हणून डॉक्टरांना त्यांच्या नवऱ्याला बाहेर घालवावं लागलं होतं, त्या डॉक्टर पेडगावकरांना एसटीत बसवून परभणीला घेऊन गेल्या. पित्ताशयात खडे निघाले. वेळेत निघाले. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तीन दिवस विश्रांती घेतली, तीही वहिनी दारात बसून होत्या म्हणून.

आज डॉक्टर पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांना वेळेवर भूक लागो, खाल्लेलं अंगी लागो, पाठ टेकताच झोप लागो, आणि दार उघडल्यावर बायकांची गर्दी बघून आजवर जो कंटाळा त्यांना आला नाही, तो पुढंही न येवो, ही आम्हा सर्वांच्या वतीनं प्रार्थना. वहिनींना विचारलं, तुमच्या नावानं काय लिहू? त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “लिव्हा भाऊजी, मी हाय तवर डाक्टरबाईनं ऱ्हावं. आन् मला तर आजून लय दिस ऱ्हायचंय.”