मोजून दिलेलं शहाळं

सासऱ्यांना किडनीच्या दुखण्यानंतर रत्नागिरीतल्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा आमच्या घरी नुकताच टेलिफोन बसला होता. नवरा मुंबईहून रोज एकच विचारायचा, "बाबांना पाणी मोजून देतेस ना?" देत होते की! सासूबाई हयात नव्हत्या, सगळं माझ्याच गळ्यात. दिवसाला एक लिटर, बाटलीवर खुणा करून. घोटभर जास्त गेलं तर छातीत पाणी भरेल, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन यायचा. आमच्याकडे आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने कोण जातं? पडवीत ढीग झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीत केळी, संत्री, टोमॅटो बंद होते, शहाळ्याचं नाव नव्हतं. विचारायचंही सुचलं नाही. मी अतिशहाणी! मोजूनच द्यायचं तर साधं पाणी कशाला, म्हणून निम्मं शहाळ्याचं देऊ लागले.

"शहाळं कधी कुणाला बाधलंय काय गो?" शेजारच्या काकूही म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी सासऱ्यांना पेजेची वाटी उचलवेना. पाय हलेनात. मी मनगट धरलं. एक ठोका, मग काहीच नाही, मग एक. रिक्षात त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी ठोके मोजत राहिले. उतारावर एक चुकला तेव्हा किंचाळलेच.

"काय काय प्यायले हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणीच. म्हणजे... शहाळ्याचं."

"अहो, त्यातल्या पोटॅशियमने हृदय बंद पडलं असतं!"

त्या दिवशी ते वाचले. दुसऱ्या सकाळी नवरा पोचला आणि खाटेशी उभा राहून म्हणाला, "शहाळं दिलं कुणी?" आता हा मला कधीच माफ करणार नाही, असं वाटलं.

सासरे डोळे न उघडता म्हणाले, "मीच हट्ट केला. ती नकोच म्हणत होती."

नवरा त्यांच्यावरच चिडला. या वयात जिभेचे चोचले म्हणून खूप बोलला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मीही घेऊ दिलं.

घरी आल्यावर साध्या पाण्याचा पेलाही मी दोनदा मोजून द्यायचे. एकदा धीर करून विचारलं, "बाबा, तुम्ही कुठे मागितलं होतं शहाळं?"

"मला आवडतच नाही ते," ते म्हणाले. "तू एवढं मोजून द्यायचीस, नको कसं म्हणू?"