बोर्दोतली संकष्टी

ओमानमधल्या बरक्यातले चाळकेकाका म्हणजे एसी दुरुस्तीतले फोरमन. लेकीने त्यांना फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांची वाइन-सहल भेट दिली आणि काका जन्मजात जाणकार झाले. साइटवरचा चहासुद्धा ते ग्लासात गोल फिरवून, हुंगून पिऊ लागले. हाताखालची माणसं कौतुकाने बघत. फोरमनकडे दुसरं कसं बघणार?

शेवटी बोर्दो आलं. मळ्याच्या तळघरात वाइन चाखायला मंडळी जमली आणि मैनाकाकूंनी मोबाइल पाहिला.

"अहो, आज संकष्टी!"

काका पांढरे पडले. "अगं, इथे चंद्र मध्यरात्री उगवतो!"

"मग मध्यरात्री प्या."

"आपला व्हिसा ओमानचा. मस्कतचा चंद्र धरू."

"तिथे आत्ता सहा वाजलेत. ऊन आहे."

"जपानात तरी उगवला असेल!"

"जपानात आपलं कोण आहे?"

खलास. काका एकेक ग्लास उचलत, फिरवत, डोळे मिटून वास घेत आणि उसासा टाकून तसाच खाली ठेवत. बाकीचे प्रवासी घोट घेऊन रीतीप्रमाणे बादलीत थुंकत होते. गाइडबाई भारावल्या.

"असा संयम फक्त खऱ्या दर्दी माणसाकडेच असतो," त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि मालकाच्या कपाटातली सर्वांत जुनी बाटली खास काकांसाठी उघडली.

भरलेला ग्लास हातात धरून काकांनी केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं.

"एवढ्या प्रेमाने देतायत, तर घ्या की," काकू म्हणाल्या. "वास घ्या."