गोळीविना पाच दिवस

माझ्या अंगावर पहिल्यांदा पित्त उठलं तेव्हा लातूरच्या डेपोत कंडक्टर म्हणून मला सहा वर्षं झाली होती. खांद्यावर बॅगेचा पट्टा बसतो तिथं लाल, जाड वळ उमटला. उन्हाळा होता, घामोळं असेल म्हणून सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत पोटावर, मांड्यांवर, कानामागं गांधी उठल्या. सकाळी उठून बघते तर काहीच नाही, कातडी जशीच्या तशी. दुपारी पुन्हा सुरू. असं दोन वर्षं चाललं.

या दोन वर्षांत ज्यानं त्यानं आपापलं कारण सांगितलं. सासूबाईंनी वांगं बंद केलं. जाऊ म्हणाली, शेंगदाणे सोड. नवऱ्यानं कुठंतरी ऐकून दही, चिंच, लिंबू बंद केलं. मी सगळ्यांचं ऐकलं. शेवटी ताटात भाकरी, मुगाचं वरण आणि दोडकं एवढंच उरलं, तरी पित्त उठायचं ते उठायचंच. मग घरातले माझ्याकडं असे बघायचे, जणू मीच चोरून काहीतरी खाल्लं असावं. रोज एक गोळी घेतली की खाज दबायची. एक दिवस चुकली की कातडीत मुंग्या सोडल्यासारखं व्हायचं.

नांदेडला मुक्कामाची ड्युटी होती तेव्हा तिथल्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. गोळ्यांची जुनी पाकिटंही बघितली.

"कधी कधी बाहेरचं काही कारणच नसतं," त्या म्हणाल्या. "शरीर स्वतःवरच उलटतं. आपण तुमचं रक्त काढू, त्यातलं वरचं पाणी वेगळं करू आणि तेच थोडंसं तुमच्या हाताच्या कातडीत टोचू. तिथं गांध उठली तर आपल्याला दिशा कळेल."

"माझंच रक्त मलाच टोचायचं?"

"हो. पण त्याआधी पाच दिवस गोळी बंद. एकही नाही. गोळी अंगात असली तर गांध उठणारच नाही, आपली फसगत होईल." मग थांबून म्हणाल्या, "घसा आवळला, श्वास लागला, तर मात्र टेस्टचा विचार करायचा नाही. गोळी घ्यायची आणि सरळ दवाखाना गाठायचा."

मी रजा मागितली. लग्नसराई होती, डेपोत माणसं कमी. "पित्तासाठी पाच दिवस?" साहेब हसले. मी पुन्हा विचारलं नाही.

पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी मानेभोवती सुरू झालं. तिसऱ्या दिवशी लातूर-नांदेड गाडी होती. गाडी खच्चून भरलेली. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातानं दांडा धरलेला, त्यामुळं खाजवायलाही हात मोकळा नाही. बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या आणि आत सगळं अंग पेटलेलं. शिरूर ताजबंद सोडलं तसा वरचा ओठ जड वाटायला लागला. अहमदपूरला आणखी माणसं चढली. तिकीट घेताना एका बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कडेवरच्या लेकराचं तोंड पदराआड केलं.

"कंडक्टर बाई, हे लागट हाय का?" मागून एकानं विचारलं.

"न्हाई. पित्त हाय."

"पित्त असं असतंय व्हय? गाडीत लेकरं-बाळं हायेत."

"बाईंनाच उतरवा की खाली!" कुणीतरी ओरडलं.

मला हसावं की रडावं कळेना. मी उतरले तर गाडी हलणार कशी? घंटी तर मलाच मारायची होती. पुढं जायला जागा नव्हती, मागं जायला नव्हती. लोह्याच्या अलीकडं चाचांनी गाडी बाजूला घेतली. चाचा म्हणजे आमचे ड्रायव्हर, लातूरचेच, निवृत्तीला आलेले. सगळा डेपो त्यांना चाचा म्हणायचा. ते केबिनमधून उतरून मागच्या दाराशी आले आणि मला खाली बोलावलं.

"बेटी, श्वास घेता यायलाय का?"

"यायलाय."

"गोळी कुठं हाय?"

"पिशवीत. पण घेतली तर तीन दिवस वाया जातेत, चाचा."

त्यांनी मला गाडीच्या बाजूच्या आरशासमोर उभं केलं. माझा एक डोळा जवळजवळ मिटला होता. ओठ माझा वाटतच नव्हता. मी गोळी काढली आणि चाचांच्या बाटलीतल्या पाण्यानं गिळली. मग वर चढले आणि दोनदा घंटी मारली. नांदेडपर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही. माणसं उभी राहिली, पण बसली नाहीत.

ठरलेल्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडं गेले. गोळीचं सांगूच नये असं वाटेवर दहादा मनात आलं. पण सांगितलं.

"बरं केलंत, घ्यायलाच पाहिजे होती," त्या म्हणाल्या. "पण आज टेस्टचा उपयोग नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

पुन्हा पहिल्यापासून म्हणजे काय, ते फक्त माझ्या कातडीला माहीत होतं.

या खेपेला रजा मिळाली. चाचांनी साहेबांना माझा फोटो दाखवला होता. लोह्याजवळ मी गोळी गिळत असताना त्यांनी तो मोबाइलवर काढला होता, मला न विचारता. कळल्यावर मला रागच आला. पण त्या फोटोमुळंच रजा मिळाली, म्हणून भांडताही येईना.

ते पाच दिवस मी मधल्या खोलीत काढले. नाडीचा काच बसेल तिथं गांधी उठायच्या, म्हणून नवऱ्याचा ढगळ सदरा आणि सैल पायजमा घातला. बांगड्या काढल्या. ओला टॉवेल अंगावर टाकायचा, तो गरम झाला की पुन्हा भिजवायचा. शाळेतून आल्यावर मुलगी दारातूनच बोलायची, आत आली की मीच तिला बाहेर पाठवायची. गोळ्यांचं पाकीट सासूबाईंकडं ठेवायला दिलं होतं. चौथ्या दिवशी त्याच ते घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"घे गं एक. कोण बघायलंय?"

"न्हाई, आत्याबाई."

"तुझे हाल बघवत न्हाईत मला."

मी भिंतीकडं तोंड फिरवलं. आणखी एकदा म्हणाल्या असत्या तर मी घेतली असती.

सहाव्या दिवशी सकाळी नवरा मला नांदेडला घेऊन गेला. रक्त काढलं. ते मशीनमध्ये फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं. माझ्या हातावर पेनानं तीन खुणा केल्या आणि तीन ठिकाणी टोचलं. एकात नुसतं मिठाचं पाणी, एकात मुद्दाम गांध उठवणारं औषध, आणि तिसऱ्यात माझं.

"अर्धा तास. हात लावायचा नाही."

हात टेबलावर उताणा ठेवून मी बसले. औषधाची गांध लगेच फुगली. मिठाच्या पाण्याची जागा हळूहळू सपाट झाली. माझी तिसरी जागा नुसतीच होती. तेव्हा मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, उठू दे. दोन वर्षं जे उठू नये म्हणून धडपडले, तेच मागत होते. नाही उठलं तर घरी जाऊन पुन्हा कशाकशावर संशय घ्यायचा? नवरा शेजारी बसून माझ्या हाताकडं बघत होता. "लाल व्हायलंय," तो हळूच म्हणाला. खरंच कडा चढत होती.

डॉक्टरीणबाईंनी पारदर्शक पट्टीनं तिन्ही जागा मोजल्या.

"पॉझिटिव्ह आहे. शंभर टक्के तेच असं नुसत्या या टेस्टवर म्हणता येत नाही, पण बोट तिकडंच जातंय. तुमचंच रक्त तुमच्या कातडीला डिवचतंय."

"मग खाण्याचं?" नवऱ्यानं विचारलं.

"खाण्याचा काही दोष नाही. सगळं खाऊ दे त्यांना. गोळीचा डोस वाढवू."

"जाईल कधी?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. काहींचं आपोआप जातं, काहींचं रेंगाळतं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आता मला कुणी बोल लावणार नव्हतं. पण वांगं सोडता येतं, साबण बदलता येतो, अगदी जीव नकोसा झाला तर नोकरीही सोडता येते. रक्त कुठं टाकू? परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले, प्रवाशासारखी.

घरी सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग आता काय बंद करायचं?"

"काहीच न्हाई, आत्याबाई."

"काहीच न्हाई?" त्या खाली बसल्या. दोन वर्षं माझ्या ताटावर त्यांनी पहारा ठेवला होता, तो काही माझ्यावरच्या रागानं नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनाही काहीतरी करायचं होतं आणि आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वाढवलेल्या गोळ्यांनी गुण यायला तीन महिने लागले. झोप यायची, जीभ कोरडी पडायची. तरी एकदा सलग आठ दिवस अंगावर काहीच उठलं नाही. तेव्हा आनंद झाला नाही, भीतीच वाटली. आंघोळीला गेले की दंड, पोट, मांड्या पुन्हा पुन्हा निरखून बघायची. नवव्या दिवशी कोपरापाशी एक छोटीशी गांध दिसली. मी नळ बंद केला, तिच्यावर बोट ठेवलं आणि बाहेरून हाक येईपर्यंत तशीच उभी राहिले.